हत्याराचा परवाना आणि नागरिक

परवाना ही गोष्ट आम्हां शहरवासीयांना नवी नाही. रिक्षा चालवायची तर परवाना, खानावळ काढायची तर परवाना, मिरवणुकीत कर्णा लावायचा तर त्यालाही परवाना. या सर्व कागदांबद्दल माणूस मोठ्या आवाजात तक्रार करतो. परंतु एक परवाना असा आहे की त्याची चौकशी करताना माणूस आवाज खाली आणतो आणि समोरच्याला बाजूला घेतो. तो म्हणजे हत्याराचा परवाना. वागळे इस्टेटमध्ये, डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत, अंबरनाथला, गेटसभा संपल्यावर हा प्रश्न आम्हांला गेली तीस वर्षे कोणी ना कोणी विचारीत आला आहे : "भाऊ, पिस्तुलाचं लायसन कसं निघतं? आणि काढून फायदा काय?" विचारणारा कधी बँकेच्या दाराशी उभा राहणारा रखवालदार असतो, कधी धमकीची चिठ्ठी आलेला युनियनचा चिटणीस असतो, तर कधी जमिनीच्या व्यवहारात नुकतेच दोन पैसे पाहिलेला तरुण असतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर दहा मिनिटांत देता येते. दुसऱ्याचे मात्र इतिहासात शिरल्यावाचून देता येत नाही. एखाद्या कागदाचा फायदा काय, हे तो कागद कोणी काढला, कोणासाठी काढला आणि कोणाच्या भीतीने काढला यावर अवलंबून असते. आमचे शाळेतले शिक्षण बेताचे. जे काही वाचले ते पाळी संपल्यावर, ग्रंथालयाच्या बाकावर. त्या वाचनातून आणि चळवळीतल्या अनुभवातून जे हाती लागले ते आज श्रोत्यांपुढे ठेवतो.

इंग्रजांपूर्वीच्या काळात हत्यार हे आपल्याकडे धंद्याचे साधन होते. मराठ्यांच्या फौजेत शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येणारा. बारगीर म्हणजे ज्याला सरकारातून घोडा मिळे तो. सुताराने आपली करवत आणावी तशी शिलेदार आपली तलवार आणी. १७३७ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला गेला, तो अशाच लोकांच्या बळावर. त्या काळाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. ज्याच्या हाती तलवार त्याच्या हाती गावची पाटीलकी, आणि ज्याच्या हाती खुरपे त्याच्या वाट्याला वेठबिगार, हा न्याय तेव्हाही होताच. परंतु हत्यार बाळगण्यासाठी अर्ज करावा, अर्जात आपली गरज सांगावी आणि साहेबाच्या मर्जीची वाट पाहावी, ही कल्पना त्या काळी नव्हती. ती इंग्रजांनी आणली.

१८१८ साली पेशवाई बुडाली. शिलेदारांची चाकरी सुटली. हत्यारे मात्र घराच्या आढ्याला तशीच राहिली. पुढे १८५७ चा उठाव झाला आणि सरकारची झोप उडाली. १८६० साली हत्यारांसंबंधीचा कायदा आला आणि मुलखामुलखांतून हत्यारे काढून घेण्याचे काम चालू झाले. परंतु ज्या कायद्याने हत्याराचा परवाना हा शब्द घरोघरी नेला, तो १८७८ चा. व्हाइसरॉय होते लॉर्ड लिटन. त्यांच्याच कारकिर्दीत, मार्च १८७८ मध्ये, एकाच आठवड्यात दोन कायदे झाले. एकाने देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप लावले, दुसऱ्याने देशी माणसाच्या हातातले हत्यार काढले. यापूर्वी तीनच वर्षे, १८७५ साली, न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली होती. म्हणजे ज्या व्यासपीठाच्या परंपरेत आपण आज बसलो आहोत ते आणि हा कायदा हे जवळजवळ समवयस्क आहेत. एकाने लोकांना बोलते करायचे ठरवले, दुसऱ्याने निःशस्त्र करायचे.

या दोन कायद्यांचे पुढचे आयुष्य पाहण्यासारखे आहे. वृत्तपत्रांचा कायदा लॉर्ड रिपन यांनी १८८२ साली रद्द केला. तो चार वर्षे जगला. हत्यारांचा कायदा मात्र इंग्रज गेल्यावरही टिकला आणि एकूण चौऱ्याऐंशी वर्षे चालला. लेखणीपेक्षा हत्याराची भीती सत्तेला अधिक दिवस वाटते, एवढाच बोध त्यातून घ्यावा.

१८७८ च्या कायद्यातील खरी मेख परवान्यात नव्हती, सवलतीत होती. परवान्यावाचून बंदूक बाळगणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होती. परंतु कायद्याखालच्या नियमांनी युरोपीय आणि अँग्लो-इंडियन लोकांना या जाचातून वगळले होते. राजेरजवाडे आणि दरबारी मानाचे लोक यांनाही सवलत होती. कूर्गच्या लोकांना त्यांच्या राजनिष्ठेबद्दल सवलत होती. म्हणजे रेल्वेच्या एकाच कचेरीत दोन कारकून शेजारी बसत असतील तर गोऱ्या कारकुनाला काही विचारायचे नाही, आणि काळ्याने मात्र आपण राजनिष्ठ आहोत याचा पुरावा द्यायचा. तेव्हा हा परवाना म्हणजे राजनिष्ठेचा दाखला होता. माणूस जबाबदार आहे की नाही हे तेथे पाहिले जात नव्हते. तो कोणाचा आहे हे पाहिले जात होते.

कायदा झाला त्याच्या दुसऱ्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके यांचे बंड झाले. फडके पनवेलजवळच्या शिरढोणचे. त्यांचे शिक्षण काही काळ आपल्या कल्याणास झाले. पुण्याच्या लष्करी हिशेबखात्यात ते कारकून होते. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात त्यांनी माणसे उपाशी मरताना पाहिली आणि रामोशी, कोळी, भिल्ल अशा लोकांना जमवून ते उठले. जुलै १८७९ मध्ये ते पकडले गेले, जन्मठेप झाली, ठाण्याच्या तुरुंगातून त्यांना एडनला पाठवण्यात आले, आणि तेथेच १८८३ साली त्यांचा अंत झाला. कायद्याने हत्यारे काढून घेतली म्हणून बंड थांबले नाही. बंडाचे कारण दुष्काळात होते, बंदुकीत नव्हते. आमच्या युनियनच्या धंद्यात हे रोज दिसते. कारखान्याच्या दारावर झडती घेऊन संप टळत नाही. संपाचे कारण पगाराच्या पाकिटात असते.

ठाण्याच्या तुरुंगाचा उल्लेख आला म्हणून तेथेच थोडे थांबू. चिमाजी अप्पांनी घेतलेला तोच हा किल्ला पुढे तुरुंग झाला. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. वापरलेले पिस्तूल लंडनहून सावरकरांनी चोरून पाठवलेल्या वीस ब्राउनिंग पिस्तुलांपैकी होते, असे खटल्यांत पुढे आले. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी याच ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. एकतीस वर्षे परवान्याचा कडक कायदा चालल्यानंतरची ही गोष्ट. ज्याला हत्यार आणायचेच होते त्याने ते समुद्रापलीकडून आणले. आणि ज्याला रानडुकरापासून भात राखायचे होते तो शेतकरी मात्र मामलेदाराच्या कचेरीत खेटे घालीत राहिला. कायद्याची ही उलटी गत आपण आजही विसरता कामा नये.

त्याच सुमारास कामगारांनीही एक इतिहास घडवला. २२ जुलै १९०८ रोजी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी शिक्षेच्या एकेका वर्षासाठी एकेक दिवस असा सहा दिवसांचा संप केला. रस्त्यावर लष्कर आले, गोळीबार झाला, कामगार मेले. कामगारांच्या हातात दगड होते, परवान्याची बंदूक एकाच्याही हाती नव्हती. तरीही त्या सहा दिवसांची दखल साऱ्या जगाने घेतली. मनगटाला मनगट लागल्यावर जे बळ येते त्याला कोणत्याही कायद्याखाली परवाना लागत नाही, हे आमच्या चळवळीला तेव्हाच कळले.

सभ्य मार्गानेही या कायद्याविरुद्ध तक्रार चालूच होती. १८८७ साली मद्रासला, मुंबईचे बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या काँग्रेसच्या तिसऱ्या अधिवेशनात हत्यारांच्या कायद्यात सुधारणा करण्याचा ठराव झाला. अहिंसेचे पुजारी गांधीजी यांनीसुद्धा १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीचा प्रचार करताना काढलेल्या पत्रकात, इंग्रजी राज्याच्या काळ्या कृत्यांमध्ये या कायद्याला सर्वांत वरची जागा दिली होती. यात विसंगती दिसेल, पण ती वरवरची आहे. हत्यार असताना ते न उगारणे ही अहिंसा. हत्यार काढून घेतल्यावर गप्प बसणे याला दुसरे नाव आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९२० च्या नियमांनी गोरा आणि काळा हा उघड भेद कागदावरून गेला. १९३१ साली कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या मर्यादेत हत्यार बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला असावा, हे कलमही पुढे घालण्यात आले.

वर्णभेद कागदावरून गेला तरी वर्गभेद जागच्या जागी राहिला. जानेवारी १९४५ मध्ये आपल्या टिटवाळ्यास महाराष्ट्र किसान सभेचे पहिले अधिवेशन भरले. तेथून शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील तलासरी, उंबरगाव, डहाणू भागात वारली आदिवासींची वेठबिगारीविरुद्ध चळवळ बांधली. ऑक्टोबर १९४५ मध्ये जमीनदारांच्या माणसांनी खोटीच आवई उठवली की गोदावरीबाई सभेला येणार आहेत, तेव्हा सर्वांनी काठ्या-कोयते घेऊन जमावे. दुसरीकडे सरकारला कळवले की वारली दंग्यासाठी जमले आहेत. पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच आदिवासी मृत्युमुखी पडले. वारल्याचा कोयता हे त्याचे रोजचे अवजार. त्याने तो गवत कापायला नेला तर मजूर, आणि सभेला नेला तर दंगेखोर. सत्तेपुढे शब्द कोणाचा ऐकला जातो, यावर हत्यार कशाला म्हणायचे ते ठरते. आमच्या मते हत्यारांच्या कायद्याच्या साऱ्या इतिहासाचे सार या एका प्रसंगात आहे.

स्वातंत्र्य आल्यावर प्रश्न घटना समितीपुढे आला. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी हत्यार बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी उपसूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती मानली नाही. असा सरसकट हक्क दिला तर तो गुन्हेगारालाही नाकारता येणार नाही, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. ज्यांच्या समाजाला शतकानुशतके हत्यारवाल्यांचा अनुभव होता त्यांनी असे म्हणावे यात आश्चर्य नाही. दुबळ्याला आधार हत्याराचा नसतो, कायद्याचा असतो; परंतु तो कायदा दुबळ्याचेही ऐकणारा पाहिजे.

असा कायदा करण्याचा प्रयत्न १९५९ साली झाला. १८७८ चा कायदा रद्द होऊन नवा हत्यार कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. योगायोग असा की त्याच्या दोनच महिने आधी, १ ऑगस्ट १९६२ रोजी, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा आरंभ ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये झाला होता. आपल्या भागातला कारखान्यांचा संसार आणि हा कायदा एकदमच वाढीला लागले.

या कायद्यात तीन गोष्टी अशा आहेत की त्या प्रत्येक नागरिकाला ठाऊक असाव्यात. पहिली : अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. चौदाव्या कलमात हे स्पष्ट लिहिले आहे. दुसरी : परवाना नाकारताना अधिकाऱ्याने कारणे लेखी नोंदवली पाहिजेत, आणि सार्वजनिक हिताला बाध येत नसेल तर मागणी केल्यावर ती थोडक्यात अर्जदाराला दिली पाहिजेत. तिसरी : या निर्णयावर अपील करता येते. आम्हां कामगारांना 'कारणे दाखवा' नोटीस चांगली परिचयाची आहे. साहेब विचारतो, कामगार कारण दाखवतो. येथे प्रथमच गाडे उलटे फिरले. १८७८ साली प्रजेने आपली राजनिष्ठा सिद्ध करायची होती. १९५९ नंतर सरकारने आपल्या नकाराचे कारण दाखवायचे आहे. प्रजेचा नागरिक झाला तो येथे. परवान्याचा पहिला फायदा आम्ही हाच समजतो, आणि तो परवाना न मिळालेल्या माणसालाही मिळतो.

आता रीत सांगतो. ठाणे शहर, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी हा भाग १९८१ साली स्थापन झालेल्या ठाणे पोलीस आयुक्तालयात मोडतो. येथे अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो. मुरबाड-शहापूरच्या खेड्यातल्या माणसाने जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचे. वय एकवीस पूर्ण हवे. ओळखीचा व राहण्याचा पुरावा, शरीराच्या आणि मनाच्या प्रकृतीचा डॉक्टरी दाखला, हत्यार हाताळण्याचे शिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र, आणि ते घरात सुरक्षित कसे ठेवणार याची हमी, हे २०१६ च्या नियमांनी लागते. स्थानिक पोलीस ठाणे चौकशी करून अहवाल देते. खुनामारामारीच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला, मनाचे संतुलन नसलेल्याला परवाना नाही. पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर हवे असेल तर जिवाला गंभीर धोका असल्यासारखे सबळ कारण दाखवावे लागते. नुसती हौस हे कारण होत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आणि एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारे राहू लागली. प्रत्येक परवानाधारकाला राष्ट्रीय नोंदवहीत क्रमांक आहे. हत्यार सार्वजनिक जागी न्यायचे तर म्यानात वा पिशवीत, दिसेल असे मिरवायचे नाही. निवडणूक आली की ते पोलीस ठाण्यात जमा करण्याचा हुकूम येऊ शकतो. हे सारे वाचून काही तरुणांचा उत्साह तेथेच मावळतो, आणि आमच्या मते तसे होणे चांगलेच.

मग फायदा कोणाला? प्रामाणिकपणे पाहिले तर चार जणांना. पहिला शेतकरी. मुरबाड, शहापूरच्या डोंगरपट्ट्यात रानडुकरे एका रात्रीत वर्षाची मेहनत लोळवतात. पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद कायद्यातच आहे.

दुसरा रखवालदार. बँकेच्या वा रोकड नेणाऱ्या गाडीच्या दाराशी बारा बोअरची दोननळी घेऊन उभा असलेला मनुष्य हा बहुधा निवृत्त सैनिक असतो. त्याच्यासाठी परवाना हे रोजगाराचे कार्ड आहे. तो असेल तर नोकरी, नसेल तर साधी काठी आणि कमी पगार. पण येथे एक मोठी खाच आहे. परवाना रखवालदाराच्या स्वतःच्या नावावर असेल तर बंदूक त्याची, नूतनीकरणाचे खेटे त्याचे, आणि गोळी सुटली तर जबाबदारीही त्याची. नफा मात्र मालकाचा. बँका, कारखाने आणि सुरक्षा संस्था यांना आपल्या नावावर परवाना घेऊन त्यावर रखवालदारांची नावे नोंदवता येतात. मालकाने कामगाराला आपले अवजार घरून आणायला लावू नये, हे जुने तत्त्व येथेही लागू झाले पाहिजे. महाराष्ट्रात खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ चा कायदा आहे आणि बृहन्मुंबई व ठाणे जिल्ह्यासाठी सुरक्षा रक्षक मंडळ आहे. परवान्यापेक्षा त्या मंडळातली नोंदणी रखवालदाराच्या म्हातारपणाला अधिक उपयोगी पडते, हे आम्ही प्रत्येक सभेत सांगत आलो आहोत.

तिसरा खेळाडू. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले. ते मध्य रेल्वेचे कर्मचारी. ज्या रेल्वेत एके काळी गोऱ्याला बंदूक मोकळी आणि काळ्याला बंद होती, त्या रेल्वेच्या देशी नोकराने रायफलवर पदक आणले, ही गोष्ट ऐकून ऊर भरून येतो.

चौथा, ज्याच्या जिवाला खरोखर धोका आहे तो. याबद्दल आम्ही जरा विस्ताराने बोलतो, कारण हा प्रश्न आमच्या घरातला आहे. १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत डॉ. दत्ता सामंत यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्यानंतर कित्येक महिने आमच्या भागातील युनियनच्या कार्यकर्त्यांच्या बायका नवरा घरी येईपर्यंत दार उघडे ठेवून बसत. त्याच काळात एका कारखान्यातील आमच्या तरुण चिटणीसाला वेतनकराराच्या वाटाघाटी चालू असताना धमक्या येऊ लागल्या. कार्यकारिणीत चर्चा झाली. निम्मे म्हणाले, पिस्तुलाचा परवाना काढा, वर्गणी आम्ही देऊ. तेव्हा मशीन शॉपमधले एक वयस्क कामगार उठले. ते म्हणाले, "याच्या खिशात पिस्तूल येईल. रात्रपाळी सुटल्यावर अंधारातनं घरी जाणाऱ्या बाकीच्या चारशे जणांच्या खिशात काय घालणार आहात?" सभा गप्प झाली.

शेवटी दोन्ही गोष्टी ठरल्या. अर्ज करायचा, आणि चिटणीसाने एकट्याने हिंडायचे नाही. पाळी सुटली की दहा-बारा जणांनी मिळून स्टेशनपर्यंत चालायचे. अर्जाच्या निमित्ताने धमकीची प्रत्येक तारीख, वेळ, शब्द लिहून काढावे लागले. चौकशीसाठी पोलीस आले, शेजाऱ्यांचे जबाब झाले, सारे दप्तरी नोंदले गेले. काही महिन्यांनी नकार आला. आम्ही कारणे मागितली. ती लेखी मिळाली. अपील केले. अपिलाची तारीख लागण्यापूर्वी करार झाला आणि धमक्याही थांबल्या. पिस्तूल आले नाही. परंतु धोका कोणाकडून आहे हे सरकारी कागदावर आले, आणि तो कागद तयार झाला आहे ही बातमी जेथे पोहोचायची तेथे पोहोचली. अंधारात धमकावणाऱ्याला उजेडाची जेवढी भीती वाटते तेवढी पिस्तुलाची वाटत नाही.

याच परवान्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक हत्यार परवाने होते. तेथे डिसेंबर २०२४ मध्ये एका सरपंचाची निर्घृण हत्या झाल्यावर साऱ्या राज्यात ओरड झाली, आणि २०२५ मध्ये शंभरांहून अधिक परवाने रद्द करावे लागले. हवेत गोळ्या झाडणारे, कमरेचे पिस्तूल दाखवून छायाचित्रे काढणारे लोक त्या निमित्ताने उघडे पडले. लग्नात वा मिरवणुकीत बेफिकिरीने गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद २०१९ साली मुद्दाम करावी लागली, यावरून दुखणे किती पसरले होते ते कळते. आणि दूर कशाला जा? २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात कल्याण पूर्वेच्या तत्कालीन आमदारांनी प्रतिस्पर्धी पुढाऱ्यावर गोळ्या झाडल्याचा आरोप झाला. हत्यार परवान्याचे होते असे वृत्तपत्रांनी छापले. खरेखोटे न्यायालय ठरवील. परंतु पोलीस ठाण्याच्या आत, पोलिसांच्या देखत ज्या खोलीत गोळी सुटते, तेथे आणखी दोघांच्या खिशात परवान्याची पिस्तुले असती तर कोण अधिक सुरक्षित झाला असता, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

जगाने या प्रश्नाची उत्तरे निरनिराळी दिली आहेत. अमेरिकेत हत्यार बाळगण्याचा हक्क १७९१ पासून घटनेत आहे, आणि जून २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने घराबाहेर पिस्तूल नेण्यासाठी विशेष कारण दाखवण्याची न्यूयॉर्क राज्याची अट रद्द केली. इंग्लंडने उलट वाट धरली. मार्च १९९६ मध्ये स्कॉटलंडच्या डनब्लेन गावी एका माणसाने परवान्याच्या पिस्तुलांनी शाळेतील सोळा मुले आणि त्यांची शिक्षिका यांचा बळी घेतला. १९९७ साली तेथे खाजगी पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी आली. ज्या इंग्रजांनी आपल्या लोकांना हिंदुस्थानात बंदूक मोकळी ठेवली होती, त्यांनी स्वतःच्या घरात ती बंद केली. आपला देश या दोहोंच्या मध्ये उभा आहे. येथे हत्यार हा मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये बोलून दाखवले; पण कारण दाखवणाऱ्याला दार बंदही नाही.

अंबरनाथला सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. दारूगोळ्याला लागणारे धातूचे भाग करणारे शेकडो कामगार तेथे रोज पाळीवर जातात. पाळी संपली की झडती देऊन, रिकाम्या हाताने, डबा घेऊन ते कल्याणची लोकल पकडतात. देशाचे हत्यार ज्यांच्या घामातून होते ते लोक गर्दीत निःशस्त्र उभे असतात आणि तरीही सुखरूप घरी पोहोचतात. त्यांना घरी पोहोचवणारी गोष्ट कोणती? शेजारी उभा असलेला माणूस, स्टेशनवरचा दिवा, वेळेवर येणारा पोलीस आणि अन्याय झाला तर ऐकणारे न्यायालय.

म्हणून ज्याला खरी गरज आहे त्याने परवान्यासाठी अवश्य अर्ज करावा. तो कायद्याने दिलेला मार्ग आहे आणि तो मोकळा होण्यासाठी आपल्या आधीच्या लोकांनी ऐंशी वर्षे तक्रार केली आहे. नकार आला तर कारण मागावे, अपील करावे. गरीब म्हणून कोणी हाकलले तर चौदावे कलम दाखवावे. पण ज्याला तो केवळ वजन वाढवण्यासाठी हवा आहे त्याने एवढे ध्यानात ठेवावे की हत्याराने वाढलेले वजन ज्या दिवशी परवाना रद्द होतो त्या दिवशी संपते. चार माणसे आपल्या शब्दाखातर रात्री बाराला उठून आली, तर ते वजन कोणत्याही कचेरीला रद्द करता येत नाही. आणि पाच वर्षांनी त्याचे नूतनीकरणही करावे लागत नाही.